दहाच ठिपके

"संध्याकाळपर्यंत मी राजीनामा दिला नाही, तर मालक हाकलणार आहेत," सहायक प्रशिक्षकाचा आवाज फाटला. "मॅडम, बातमी मी फोडली नाही हो!"

खासगी तपास करणाऱ्या वहिनींनी वर्तमानपत्र ओढून घेतलं. पिशवी धरायला दीर सोबत होताच. मोसम संपताच मुख्य प्रशिक्षकांना नारळ, जागा सहायकाला, अशी बातमी होती. खाली त्याची पुढच्या मोसमाची मांडणी ठिपक्यांनी दाखवली होती. उद्याचा शेवटचा सामना हरला तर फुटबॉल क्लब खालच्या गटात जाणार होता, आणि बातमीमुळे खेळाडूंत सरळ दोन तट पडले होते.

"हे ठिपके कशावरून काढले?"

"वार्ताहराला निनावी फोटो आला. सरांच्या खोलीतल्या डावपेचांच्या फळीचा. माझी मांडणी मी तिथंच लावून दाखवली होती."

"पण दहाच आहेत," दीर खो खो हसला. "डावा विंगर खाल्ला की छापखान्यानं!" वहिनींच्या तपासात पिशवी धरणं आणि हसणं, एवढंच त्याच्याकडे असे.

मालक तडकलेच. "बेत मला, सरांना नि सहायकाला, तिघांनाच ठाऊक होता. फायदा कुणाचा? त्याचाच. खुर्चीची घाई झालीय त्याला!"

"त्या खोलीच्या किल्ल्या?"

"तिघांकडेही आहेत."

मुख्य प्रशिक्षक फळीसमोर बसले होते. फळीवर लाल चुंबकी बटणं होती, एक त्यांच्या बोटांत फिरत होतं.

"जुनी सवय," ते म्हणाले. "मी डाव्या विंगला खेळायचो. ते बटण हातात असल्याशिवाय डोकं चालत नाही. पण जागेवर लावल्याशिवाय खोली सोडत नाही."

"इथं कुणी फोटो काढला का?"

"माझ्यासमोर? कुणाची छाती आहे!"

वहिनींनी उरलेल्या दोघांना तिथंच बोलावलं आणि त्या मुख्य प्रशिक्षकांकडे वळल्या.

"तुमच्या माघारी फळी पुरी असते. म्हणजे चोरून काढलेल्या फोटोत अकरा बटणं आली असती. दहा आली, कारण अकरावं तुमच्या हातात होतं. आणि तुमच्यासमोर कुणी फोटो काढला नाही, हे तुम्हीच सांगितलंत."

दिराचं हसू मावळलं. ज्या चुकीवर तो हसला होता, तिनंच म्हाताऱ्याला पकडून दिलं होतं.

"वाटलं, बातमी फुटली की बेत मोडेल," मुख्य प्रशिक्षक पुटपुटले. "याच्यावर बालंट येईल असं... नाही, तेही वाटलं होतं. याला मीच घडवलंय हो. पण मोसम संपला की सकाळी उठून मी जाऊ कुठे?"



"सर, बटण," सहायक हळूच म्हणाला. "उद्या सामना आहे."

त्यांनी ते त्याच्या तळहातावर ठेवलं. त्यानं डाव्या विंगला लावलं. फळी पुरी झाली. म्हाताऱ्याची रिकामी बोटं मात्र फिरतच राहिली, आणि दिरानं मान वळवली.