न वाळलेलं शिरस्त्राण

"माफ करा हं," म्हणत तो वर्कशॉपात शिरला आणि जिला धक्का लागला होता त्या बाईसमोर मान खाली घालून उभा राहिला. बाई काही बोलेना. बोलणार कशी? ती फायबरची होती, कपड्यांच्या दुकानासाठी बनवलेली, रंगवून वाळत ठेवलेली.

भिंगरी कोपऱ्यातून बघत होती. नाकातोंडावर मास्क होता म्हणून तिचं हसू झाकलं गेलं, एवढंच. त्या माणसाच्या डोक्यावर पुठ्ठ्याचं शिरस्त्राण होतं, थेट हनुवटीपर्यंत उतरलेलं. एका हातात मिटलेली छत्री, दुसऱ्यात डबा आणि फायली. बाहेर पाऊस भुरभुरत होता.

"ती नाही बोलत," भिंगरी म्हणाली. "माझ्याशी बोला."

त्यानं डबा, फायली खाली ठेवून शिरस्त्राण काढलं. आतून घामेजलेला, ओशाळलेला चेहरा निघाला. नजर मात्र फार सरळ होती... हे तिच्या उगाचच लक्षात आलं.

तो जमीन मोजणीच्या ऑफिसात होता. ऑफिसच्या नाटकासाठी त्यानं हे शिरस्त्राण स्वतः कापून-चिकटवून केलं होतं, पण जरा ओल लागली की ते मऊ पडायचं.

"हे टणक होईल?"

"होईल की. आतून फायबरची मॅट बसवायची, बाहेरून रेझिन. मग लांबी, म्हणजे पुट्टी, भरून खाचा बुजवायच्या, घासायचं, रंगवायचं. लोखंडाचं वाटेल."

"लोखंडाचं कशाला... मी तिसरा शिपाई आहे. पहिल्याच अंकात मरतो."

"मग जरा ऐटीत मरा."

वर्कशॉप भिंगरीच्या आत्याचं. आत्यानं त्याला त्या दिवशीच सेनापती करून टाकलं. "या सेनापती," ती म्हणायची, "तुमची फौज इकडे पुतळ्यांमागे बसलीय." काम स्वतःच्या हातानं शिकायचा त्याचा हट्ट होता, म्हणून ऑफिस सुटलं की तो यायचा. भिंगरी मॅटचे तुकडे कापायची, तो आत बसवून रेझिनच्या ब्रशनं दाबायचा. एकदा हातमोजे चढवताना त्याची बोटं गोंधळली, तेव्हा तिनं मनगट धरून मोजा ओढून दिला. कामच होतं ते. तरी नंतर कात्री कुठे ठेवली ते तिला सापडेना.

आतली मॅट छान टणक झाली. त्याच संध्याकाळी तो सहज बोलून गेला, "नाटक झालं की दुसऱ्या दिवशी निघायचं. बदली झालीय माझी. लांब."

"हो का," भिंगरी म्हणाली. दुसरं काय म्हणणार? तिनं रेझिनचं भांडं पुढे ओढलं.

बाहेरचा थर द्यायचा होता. रेझिनमध्ये थोडंसं हार्डनर पडलं की ते वाळतं, न पडलं तर नाही. तिला हे झोपेतही ठाऊक होतं. तो पाठ करून हात पुसत होता. भिंगरीनं बाटली तिरकी केली, आणि पुरेसं पडायच्या आतच सरळ केली.

दुसऱ्या दिवशी त्यानं शिरस्त्राणावर बोट टेकलं. बोट चिकटलं.

"हवेत ओल आहे," ती म्हणाली. "राहू दे अजून."

राहू दिलं. तो रोज यायचा, बोट टेकायचा आणि मग रेझिनच्या रिकाम्या डब्यावर बसून गप्पा मारायचा. त्याचं घर, त्याची आई, त्याला न आलेलं पोहणं... भिंगरीला सगळं हवं होतं. तो गेल्यावर ती स्वतःलाच रागवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दाराकडे डोळे लावून बसायची. आत्या एकदाच म्हणाली, "या वर्कशॉपात रेझिन वाळलं नाही, असं आजवर झालं नव्हतं बाई."

मग एका संध्याकाळी तो दारातच थांबला.

"उद्या शेवटची तालीम. दिग्दर्शक म्हणतात, भाड्याचं आणा. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. माझंच काहीतरी चुकलं असेल."

हे मात्र तिला सोसवलं नाही. "तुमचं नाही चुकलं," ती म्हणाली. "हार्डनर मी कमी घातलं. मुद्दाम."

"मुद्दाम? मी रोज ऑफिसात सांगतोय, उद्या होईल, उद्या होईल. हसतात सगळे मला."

"माहीत नव्हतं. चुकलंच माझं... आत या. आज होईल."

तो आत येऊन नेहमीच्या डब्यावर बसला. तिनं ॲसिटोननं चिकट थर पुसून काढला, नवं रेझिन घेतलं, हार्डनर नीट मोजून घातलं. आता थांबायची सोय नव्हती; भांड्यातलं घट्ट व्हायच्या आत ब्रश फिरायला हवा. हात चालू होते म्हणूनच बहुधा तोंडही चाललं.

"वाळलं असतं तर तुम्ही आला नसता. मला तुम्ही यायला हवे होतात. शिरस्त्राणाचं काय, ते कुणीही करून दिलं असतं."

तो तिच्या हाताकडे बघत होता. हार्डनरनं भांडं गरम होऊ लागलं होतं.

"डावीकडे राहिलंय," तो हळूच म्हणाला. आणि मग, "राग आलाय मला. पण इथून उठवतही नाहीये."

रात्रीत थर वाळला. पहाटेपासून लांबी, घासणं, रंग. धुळीत दोघांचे केस पांढरे झाले. दुपारी त्यानं शिरस्त्राण घातलं आणि आतून घुमत्या आवाजात म्हणाला, "मीही काही रेझिन बघायला येत नव्हतो."

"ते काढा आधी. समोर बघून बोला."

काढता येईना. मॅटनं आतली जागा आवळली होती. भिंगरीनं ओढलं, त्यानं मान वाकवली, आणि लालबुंद कानांसकट तो बाहेर आला, अगदी जवळ.

"मला तुम्ही आवडता," तो म्हणाला. "पण वर्षभर तरी तिकडून हलता येणार नाही. वाट बघाल का, असं विचारायचा मला हक्क नाही."

"नसेल. पण विचारा."

त्यानं विचारलं.

"बघेन," भिंगरी म्हणाली. आणि तो समोर उभा असतानाच तिनं त्याची वाट बघायला सुरुवात केली.