पुन्हा एकपासून

“पेशंट कुठाय?” काचपट्टीवरचा रक्ताचा थेंब उजेडात धरत रक्त तपासणाऱ्या तंत्रज्ञानं विचारलं.

“बादलीत,” नदीतले मासे अभ्यासणारी ती म्हणाली.

त्यानं वर पाहिलं... आणि तिला एकदम आपल्या गुडघ्यापर्यंतच्या चिखलाची लाज वाटली.

गाऱ्हाणं साधं होतं. रंगाच्या कारखान्याच्या नाल्यानं शहरातली नदी नासवली होती. नाला मिळतो त्याच्या खालच्या अंगाच्या माशांच्या रक्तपेशींत केंद्रकाशेजारी एक इवलासा तुकडा सुटलेला दिसे – विषानं गुणसूत्रं तुटल्याची खूण. पण कारखान्याचे वकील म्हणाले, “मॅडमना हवं तेच दिसतं!” म्हणून नदी मंडळानं दुसरा मोजणारा मागितला होता. मासा नाल्यावरचा की खालचा, हे काचपट्टीवर लिहून मंडळाच्या कारकुनानं चिकटपट्टीनं झाकलेलं. दोघांनी वेगळ्या खोल्यांत मोजायचं.

“आणि मोजणी चुकली तर?”

“आकडा न लिहिता सोडायची. पुन्हा एकपासून. कारण वहीत लिहायचं, खरं कारण.”

“खरंच लिहू?” तो हसला. “बघा हं... अडचणीत याल.”

तीन आठवडे दोघं भिंतीच्या अल्याड-पल्याड बसले. मधूनच त्याचा आवाज यायचा, “मॅडम, तुमचे पेशंट गुणी हो! सुई पाहून किंचाळत नाहीत.” ती खुदकन हसायची. मग पलीकडे बराच वेळ शांतता...

मंडळापुढच्या सुनावणीत वकिलांनी त्याची वही उंचावली. “सतरावी काचपट्टी चारदा मोजलीय! हवा तो आकडा येईपर्यंत?”

एवढी मेहनत आता पाण्यात जाणार होती.

अध्यक्षबाईंनी चष्मा लावून वही वाचली. “‘शेजारी मॅडम हसल्या. पुन्हा एकपासून.’ ‘मॅडम गुणगुणल्या. पुन्हा एकपासून.’ ‘मॅडम आज आल्याच नाहीत. लक्ष लागेना...’”

सभागृहात खसखस पिकली. तो कानापर्यंत लाल झाला.

“इतकं खरं लिहिणारा आकडा कशाला खोटा लिहील?” बाई म्हणाल्या. चिकटपट्ट्या निघाल्या. दोघांचे आकडे जुळले, आणि तुकडा सुटलेल्या पेशी नाल्याखाली पाचपट निघाल्या. नाला बंद करण्याचा हुकूम तिथल्या तिथे सुटला!

बाहेर पायरीवर तो मान खाली घालून उभा होता. “खरं कारण लिहा म्हणालात ना...”

तिनं आपली वही पुढे केली. “मी एकदाच चुकले. वाचा.”

‘पलीकडची खोली फार वेळ गप्प होती. उठून पाहून आले.’

“मला तुम्ही आवडता,” ती सरळ म्हणाली.

“पुन्हा म्हणा.”

“का?”

“मोजणी चुकली!”

आणि तिनं, नियमाप्रमाणे, पुन्हा एकपासून सुरुवात केली.