एकतिसाव्या वर्षीचा हात

बळवंतमिस्त्री पांचाळांवर चोरीचा आळ होता, आणि म्हातारा मात्र कोल्हापूरच्या शस्त्रपरीक्षा प्रयोगशाळेत नव्या जावयासारखा छाती काढून बसला होता. का बसू नये? हस्तवाचक यंत्राच्या पडद्यावर ठळक अक्षरांत आलं होतं : नळी घोटणारा हात, बळवंत पांचाळ.

"एका गोळीवरनं माझा हात वळखला, मंजे! बघ की!"

शेजारी बसलेली त्यांची लेक मंजिरी पडद्याकडे बघतच नव्हती.

नेमबाजी संघटनेचे कर्नल खानविलकर मात्र वैतागले होते. "डॉक्टर, मला समजेल असं सांगा."

प्रयोगशाळेच्या डॉ. निलोफर इनामदारांनी नेमबाज अनुष्का शिंत्रेच्या रायफलीतून झाडलेली गोळी चिमट्यात धरली. "बंदुकीच्या नळीत आतून पीळदार खाचा असतात. त्यांच्यामुळे गोळी गरगरत, सरळ जाते. खाचा किती आणि किती इंचांत एक फेरा, यावरून बंदुकीची जात कळते. इथे सहा खाचा, उजवा पीळ, बारा इंचांत फेरा. पण लष्करी निशाणबाजाची रायफल आणि तीनशे मीटरच्या स्पर्धेतली रायफल, दोन्ही तशाच असू शकतात."

"मग यंत्र काय बघतं?"

"चांगली नळी शेवटी हाताने घोटतात. दांड्यावर शिशाचा बोळा, त्याला बारीक पूड, आणि मागे-पुढे ओढत राहायचं. माणसाचा हात कितीही पक्का असो, सेकंदाला आठ-दहा वेळा थरथरतोच. ती थरथर नळीत उमटते आणि नळीतून गोळीवर. ओढण्याच्या लयीवरून यंत्र हात ओळखतं, थरथरीवरून घोटतानाचं वय."

"आणि वय आलं किती?"

"एकतीस."

मिस्त्रींची छाती खाली बसली. त्यांना आता त्र्याहत्तर पूर्ण झाली होती.

कर्नलांनी तिथल्या तिथे हिशोब मांडला. "म्हणजे नळी बेचाळीस वर्षांपूर्वीची. तेव्हा तुम्ही लष्करी शस्त्रांच्या कारखान्यात होता. तिथली नळी तुम्ही बाहेर काढलीत आणि गेल्या वर्षी अनुष्का शिंत्रेच्या रायफलीला बसवलीत. चोरीच्या लष्करी नळीपायी त्या पोरीचं राष्ट्रीय सुवर्ण गेलं, भारतीय संघातली जागा गेली आणि तुम्ही जाणार तुरुंगात."

"कारखान्यातला खिळासुदीक घरी आणला न्हाई मी!"

"मग यंत्र खोटं बोलतंय?"

आता आली का पंचाईत! यंत्र खोटं म्हणावं, तर आयुष्यभराच्या मिरवण्यावर पाणी. खरं म्हणावं, तर चोर. तिसरं एक होतं, पण ते बाप-लेकीलाच ठाऊक. सात वर्षांपूर्वी चहाची बशी धरताना मिस्त्रींचा हात हलायला लागला. तेव्हापासून घरच्या छोट्या कारखान्याचं दार लावून मंजिरी नळ्या घोटायची आणि प्रमाणपत्रावर 'स्वहस्ते घोटली' असं लिहून सही करायचे मिस्त्री. आणि पेठेत सांगत फिरायचे, हा हात माझ्याबरोबरच जाणार. पोरीनं सात वर्षांत चकार शब्द काढला नव्हता.

मंजिरी हळूच म्हणाली, "तात्या, तुम्ही गप ऱ्हावा. मी सांगते, जुनी नळी मला भंगारात गावली, मीच बसवली म्हणून."

म्हाताऱ्याने लेकीकडे वळून बघितलं. आपली खोटी शान राखायला ही जेलात जायला निघाली!

"गप!" ते ताडकन उठले. "साहेब, ती नळी माझी न्हाई. हिची हाय. सात वर्षं सगळ्या नळ्या हिच्याच. मी नुसता सह्या ठोकतोय."

"आता मुलीला पुढे करताय?" कर्नल फणकारले.

डॉक्टरांचे डोळे मात्र चमकले. "मंजिरी, वय काय तुमचं?"

"बत्तीस. ही नळी घोटली तेव्हा एकतीस."

लगेच एक कोरी नळी मागवली. मंजिरीने पदर खोचला आणि दांडा धरला. चार तास ती घोटत होती. मिस्त्री दोनदा काही सांगायला पुढे झाले आणि दोन्ही वेळा सांगण्यासारखं काही सापडलं नाही. दुपारी त्या नळीतून पाण्याच्या टाकीत गोळी झाडली. पडद्यावर आलं : बळवंत पांचाळ, वय बत्तीस.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "लय रक्तातून येत नाही, शिकवण्यातून येते. एक हात दोन माणसांचा असू शकतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही! नळी लष्कराची नाही, कर्नलसाहेब."

"अनुष्काचं पदक राहील," कर्नल म्हणाले. "पण मिस्त्री, सात वर्षं खोट्या सह्या केल्यात. संघटनेने दिलेला तुमचा परवाना आजपासून रद्द."

"चालंल."

डॉक्टर अजून पडद्याशीच होत्या. लष्करी कारखान्यातल्या कारागिरांचे जुने नमुने प्रयोगशाळेत होते. त्यातली मिस्त्रींच्या एकतिसाव्या वर्षीची गोळी काढून त्यांनी अनुष्काच्या गोळीशेजारी ठेवली आणि यंत्राला नुसता फरक शोधायला लावला.

"सापडला," त्या चाचरत म्हणाल्या. "मिस्त्री, तुमची ओढ अकरा नॅनोमीटर डगमगते. हिची सात."

"कमी म्हंजे?"

"कमी म्हणजे जास्त सरळ."

मिस्त्री त्या सातच्या आकड्याकडे बघत राहिले. डोळे भरून आले, ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही. मग ते कर्नलांकडे वळले. छाती पुन्हा होती तिथे आली होती.

"साहेब, परवाना रद्द करताना कारण लिवाल, तेव्हा खोट्या सह्या खुशाल लिवा. पण त्याच्या खाली आणि एक वळ लिवा. घरात माझ्यापेक्षा चांगला हात हाय."