माळीकाकांची मदतनीस

तो जिना चढून वर आला तेव्हा त्याच्या कडेवर कुंडी होती, लहान मूल घ्यावे तशी, एका हाताने बुडाला आधार देऊन. आमच्या दैनिकाच्या कचेरीत त्या वेळी माझ्याशिवाय कोणी नव्हते. बाकीचे जेवायला गेले होते आणि मी रविवारच्या पुरवणीची पाने तपासत बसले होते. त्याने कुंडी टेबलावर न ठेवता जमिनीवर ठेवली, बाहीवरची माती झटकली आणि संकोचत विचारले, "माळीकाका भेटतील का?"

कुंडीत शेवंती होती. पाने तजेलदार, फांद्या भरगच्च, आणि कळी औषधालाही नाही.

"त्यांनी सांगितलं तसंच केलं मी सगळं," तो म्हणाला. "तरी... माझंच काहीतरी चुकलं असणार. काय चुकलं, एवढंच विचारायचं होतं."

त्याने खिशातून कात्रण काढले. घड्यांवर विरलेले, ओळींखाली पेन्सिलीच्या रेघा. मला ते वाचायची गरज नव्हती. 'शेंडे खुडत राहा. कळीसारखे काही दिसले तरी मोह आवरा. जितके शेंडे खुडाल तितकी फुले अधिक.' तो मजकूर मीच छापायला दिला होता. माळीकाका म्हणजे मीच होते.

"ते गावी गेलेत," मी म्हणाले. "मी त्यांची... मदतनीस. त्यांना विचारून सांगते."

खरे माळीकाका दोन वर्षांपूर्वी, हात थरथरू लागल्यावर, लिहिणे सोडून मुलीकडे राहायला गेले होते. वाचकांचा त्यांच्यावर एवढा जीव की संपादकांनी सदराचे नाव तसेच ठेवले आणि त्यांची बागकामाच्या नोंदींची वही माझ्या हवाली केली. मी साहित्यात एम. ए. झालेली, भाड्याच्या खोलीतली एक खिडकी आणि तिच्या गजांवर वाळणारा टॉवेल, एवढीच माझी बाग. वहीतून महिना पाहून उतारा काढायचा, भाषा थोडी खुलवायची, की माळीकाका तयार. ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी एक जाहिरात ऐन वेळी रद्द झाली आणि पानावर बारा ओळींची जागा उघडी पडली. जुलैतला शेवंतीचा मजकूर संगणकात तयार होता. त्यातला पाऊस काढून मी 'हिवाळा तोंडावर आला आहे' एवढे वाक्य घातले आणि पान छपाईला सोडले. बरोबर बारा ओळी भरल्या होत्या. त्याचे मला कौतुकही वाटले होते.

तो चष्म्याच्या दुकानात भिंगे घासून द्यायचे काम करत असे. मी मनातल्या मनात त्याला भिंगवाला म्हणू लागले. त्याच्या वडिलांची नजर दोन वर्षांपासून धुरकटत गेली होती. आता दोन्ही डोळ्यांची ऑपरेशने झाली होती आणि ते हॉस्पिटलजवळ, मुलीच्या घरी, राहत होते. नोव्हेंबरअखेर ते घरी यायचे होते. गच्चीवरची अठरा कुंड्यांतली शेवंती त्यांनी वर्षानुवर्षे जोपासलेली, आणि पिवळा रंग पुन्हा कधी दिसेल का, एवढाच त्यांचा डॉक्टरांना प्रश्न असे. मुलाने त्यांना शब्द दिला होता की घरी पाऊल टाकाल तेव्हा गच्ची पिवळीधमक असेल. शब्द पाळायचा म्हणून त्याने अठराही कुंड्यांतली कळी न् कळी खुडली होती.

दुसऱ्या दिवशी मी रोपवाटिका चालवणाऱ्या मावशींकडे गेले. कोणा मूर्खाने असे छापले, असे त्यांनी विचारले, तेव्हा मी खाली पाहिले. त्यांनी मला उन्हात उभे करून तासभर शिकवले. शेंडे खुडायचे ते पावसाळ्यात, झाड भरावे म्हणून. पाऊस ओसरून दिवस लहान होऊ लागले की हात आवरायचा, कारण त्यानंतर येते ती कळी. आता नवे फुटवे येतील, त्यांना कात्री लावायची नाही. नत्राचे खत बंद. पाणी सकाळी, मुळाशी, पानांवर नाही. आणि शेवंतीला रात्रभर अखंड अंधार लागतो. झाडावर दिव्याचा उजेड पडत असेल तर कळी धरत नाही.

हे सगळे मी भिंगवाल्याच्या गच्चीवर जाऊन 'माळीकाका म्हणतात' अशी सुरुवात करून सांगितले. संध्याकाळी सहाला झाडे काळ्या कापडाने झाकायची, सकाळी सातला उघडायची, कारण रस्त्याचा दिवा थेट गच्चीवर येतो. दिव्याचे तो कचेरीत बोलून गेला होता.

"माळीकाकांना कसं कळलं, माझ्या गच्चीवर दिवा येतो ते?"

"मी... सांगितलं."

"म्हणजे माझ्याबद्दल बोलता तुम्ही त्यांच्याशी."

"गच्चीबद्दल."

"गच्चीबद्दल," तो म्हणाला, आणि कापडाचे दुसरे टोक माझ्या हातात देताना उगीचच हसला.

मी दर दोन दिवसांनी जाऊ लागले. आम्ही दोघे कापडाची चार टोके धरून ते अलगद कुंड्यांवर उतरवत असू. वाऱ्याने ते फुगले की आमचे चेहरे क्षणभर कापडाआड जात, आणि ते खाली बसताना त्याचे डोळे आधीच माझ्याकडे लागलेले असत. मग चहा. माळीकाका आणखी काय म्हणतात, असे तो विचारी. मी खते आणि किडी सांगे. एकदा त्याने विचारले, "आणि मदतनीस काय म्हणते?" मी म्हटले, मदतनिसाला गार झालेला चहा आवडत नाही. तो उठून पुन्हा चहा टाकायला गेला, आणि मी त्या अठरा कुंड्यांसमोर चोरासारखी बसून राहिले. त्याच्या प्रत्येक हसण्याबरोबर माझे खोटे फुगत होते. आता सांगावे, असे दर वेळी ठरवून मी जिना चढायची आणि तोंड मिटूनच उतरायची. खरे सांगितले तर पुन्हा इथे पाऊल ठेवता येणार नाही, एवढीच भीती होती.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात त्याने मला एक बंद पाकीट दिले. वर लिहिले होते, 'आदरणीय माळीकाकांस'. ते फक्त त्यांच्याच हाती द्या, असे त्याने बजावले. बजावताना त्याचे कान लाल झाले होते. नऊ दिवस ते पाकीट माझ्या पिशवीत होते. माळीकाका मीच होते, उघडायला कोणी अडवणार नव्हते, आणि तेच मला सर्वांत लाजिरवाणे वाटत होते.

वडील येण्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही कुंड्या मोजत होतो. कळ्या धरल्या होत्या. शर्टाच्या बटणाएवढ्या, हिरव्या, घट्ट मिटलेल्या. एकही फुललेली नव्हती. तो म्हणाला की माळीकाकांमुळे निदान एवढे तरी झाले, नाहीतर त्याच्या चुकीने सगळेच गेले होते. ते मात्र मला ऐकवेना.

"माळीकाका गावी गेलेले नाहीत," मी म्हणाले. "दोन वर्षं ते सदर मी लिहिते. जुलैचा मजकूर ऑक्टोबरात मी छापला, जागा भरायला. तुमचं काही चुकलं नव्हतं."

तो कापडाची घडी नीट करत राहिला. आधीच नीट असलेली.

"मी विचारलं होतं तुम्हाला," तो म्हणाला. "पहिल्याच दिवशी."

"हो."

"आणि तुम्ही म्हणालात, विचारून सांगते."

मी पिशवीतून पाकीट काढून त्याच्यापुढे धरले. मी ते उघडलेले नाही, एवढेच म्हणू शकले. त्याने ते उलटेपालटे केले, डिंकाने चिकटवलेली कड अंगठ्याने चाचपली.

"यात बागकामाची एक ओळही नाही," तो म्हणाला. "सगळं तुमच्याबद्दल विचारलंय. कुणाला विचारलं, बघा."

माझ्यामुळे त्याला शरमावे लागावे, हे मला सोसवले नाही. मी जिना उतरले.

दुसऱ्या दिवशी मी संपादकांसमोर उभी राहिले आणि चूक छापून कबूल करू द्या म्हणाले. वाचकांचा विश्वास उडेल, सदर बंद करावे लागेल, असे ते म्हणाले. मग चष्मा काढून, लिहून आणा म्हणाले. रविवारी माळीकाकांच्या जागी माझ्या नावाने मजकूर आला: चूक कोणती, कोणाची, कशी झाली, आणि शेवंती वाचवायला आता काय करावे. सारवासारव करणारी दोन वाक्ये मी शेवटच्या क्षणी खोडली.

सोमवारी भिंगवाल्याचा फोन आला. बाबांनी बोलावलेय, शेवंतीबद्दल. आवाजात काहीच कळत नव्हते.

गच्चीवर त्याचे वडील काळा चष्मा लावून खुर्चीत बसले होते, मांडीवर वर्तमानपत्र आणि हातात बोटभर जाडीचे भिंग. तीन कळ्यांनी पिवळी चीर दाखवली होती. मी उन्हात उभी राहिले. बसण्याचा मला हक्क वाटत नव्हता.

"दोन वर्षांनी स्वतःच्या डोळ्यांनी वाचलेला पहिला मजकूर म्हणजे तुमचा माफीनामा," ते म्हणाले. "अक्षरं फार बारीक छापता हो तुम्ही."

मला मान वर करता आली नाही.

"बरं, आता सांगा. पुढच्या वर्षी शेंडे कधीपर्यंत खुडायचे? वही न बघता."

"पाऊस ओसरेपर्यंत," मी म्हणाले. "दिवस लहान व्हायला लागले की थांबायचं. मग कळी दिसली तर... तिला हात लावायचा नाही."

त्यांनी मान डोलावली आणि मुलाकडे वळून, ऐकलंस ना, असे विचारले. तो आत गेला, दुसरी खुर्ची घेऊन आला आणि माझ्याकडे न बघता ती कुंड्यांजवळ मांडली.

"बस," तो म्हणाला.

"तुम्ही रागावलेले आहात."

"आहे." त्याने खुर्चीवरची धूळ हाताने पुसली. "बराच आहे. पण तू अशी उभी राहिलीस तर मला नीट रागावताही येत नाही. बस ना..."

मी बसले.