मनकर्णाबाईची पाठ

विश्वास ठेवा, नका ठेवू. पण हे देऊळघाटला खरंच घडलं. एकोणीसशे चौसष्टचा चैत्र, मंगळवार, भर दुपार. रात्र नव्हती, अमावस्या नव्हती.

ज्यांच्यासोबत घडलं त्या गोजरबाई माझ्या आईच्या मावशी. खोटं रचायचं म्हटलं तरी त्यांच्यात तेवढं त्राण उरलं नव्हतं.

गोजरबाई पायाळू. म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेल्या. पायाळूचा पाय पाठीला लागला की उसण पळते, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. पण त्या नुसता पाय लावून मोकळ्या होत नसत. जवसाच्या तेलात लसूण कढवायचा, दोन मंगळवार पाठ चोळून नरम करायची आणि तिसऱ्या मंगळवारी पालथं निजवून कमरेवर टाच द्यायची.

कट् वाजलं की पाठ सरळ.

पार मोताळ्याकडून बाया बैलगाडीत आडव्या पडून यायच्या. साऱ्या मुलखाची दुखणी काढता काढता गोजरबाईंची स्वतःची बोटं मिटेनाशी झाली होती. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. त्यांचे हात कोण चोळणार?

खालच्या वेटाळातली, म्हणजे खालच्या आळीतली, मनकर्णाबाई कापसाची गाठोडी वाहून वाहून कमरेत पार दुमडली होती. चालताना तिला फक्त जमीन दिसायची. बारा वर्षं ती उताणी निजली नव्हती.

पण ती बरं व्हायला आली नव्हती.

“बाई, जितेपनी वाकली ते वाकली,” ती म्हणाली. “पन असं वाकडं मढं तिरडीवर बसत नाई. मंग लोकं गुडघा देऊन पाठ मोडतात. माह्या सासूची मोडली होती. तो आवाज आजून माह्या कानात हाये. माह्यं तसं नोको होऊ देऊ.”

गोजरबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. त्यांनी शब्द दिला.

दोन मंगळवार झाले. पाठ जराशी सैल पडली.

तिसऱ्या मंगळवारी पहाटेपासून अकरा पाठी चोळून झाल्या होत्या. बारावी मनकर्णाबाई. गोजरबाईंना उभं राहवत नव्हतं. आणि थकल्या पायानं टाच द्यायची नाही, हा त्यांचा नेम. भलतीकडे बसली तर बाई जन्माची अधू.

“पुढच्या मंगळवारी ये वं माय. आज माह्यात जीवच नाई.”

“पुढचा मंगळवार कोनं पाह्यला?” मनकर्णाबाई एवढंच म्हणाली आणि काठी टेकत निघून गेली.

ते बोलणं गोजरबाईंना आठवडाभर लागून राहिलं.

पुढच्या मंगळवारी त्यांनी सकाळपासून सगळ्यांना परत पाठवलं. अंगात होतं नव्हतं ते बळ तिच्यासाठी राखलं.

दुपार झाली. ऊन मी म्हणत होतं.

काठीचा आवाज आला नाही...

पण गोजरबाई तेल घेऊन आत येऊन पाहतात तर मनकर्णाबाई चटईवर पालथी निजलेली.

“आली काय वं? हाक तं द्याची.”



गोजरबाईंनी तेल ओतलं, हात टेकवला आणि...

पाठ गार. माठाच्या बुडासारखी गार. एवढ्या उन्हातून चालत आलेल्या बाईची!

श्वासासोबत पाठ वरखाली होते. चोळणाऱ्या हाताला ते न पाहता कळतं.

ही पाठ हलत नव्हती.

 गोजरबाईंना पळून जावंसं वाटलं. पण दिलेला शब्द होता, आणि एकदा तो चुकवून झाला होता. त्यांनी भिंत धरली आणि टाच ठेवली.

कट्.

पुन्हा ठेवली. कट्.

तिसऱ्यांदा...

आणि मनकर्णाबाईनं एक लांब उसासा टाकला. डोक्यावरचं गाठोडं उतरवल्यावर बायका टाकतात तसा.

गोजरबाई मटकन खाली बसल्या. क्षणभर डोळे मिटले. उघडले तेव्हा चटई रिकामी होती.

तेवढ्यात खालच्या वेटाळातून आरडाओरडा ऐकू आला. त्या तशाच अनवाणी धावल्या.

मनकर्णाबाई पहाटेच गेली होती; निरोप गोजरबाईंपर्यंत पोचलाच नव्हता. अंगणात तिरडी तयार होती, पण माणसं लांब सरकून उभी होती. तिरडीवर ती निजलेली. उताणी, सरळ.

तिचा मुलगा भाऊराव पुढे आला. चेहरा पांढराफटक.

“मावशी, आमी मोडणारच होतो. दोघायनं खांदे धरले, मी गुडघा उचलला. लावला नाई, मायची आन! त्याच्या आंधीच तीनदा कट् कट् वाजलं, अन् माय आपोआप सरळ झाली.”

“बरं झालं रे बाप्पा,” गोजरबाई कशाबशा म्हणाल्या.

“ते नाई, मावशी.” त्यानं आवाज खाली आणला. “सरळ झाल्यावर मायनं उसासा टाकला. साऱ्यायनं आयकला. मढं उसासा टाकते काय?”

गोजरबाईंनी मनकर्णाबाईच्या नाकाशी बोटं धरली. नाडी चाचपली. काही नाही. सगळं गार.

पण मघाशी चटईवरही ती अशीच गार होती...

दिवस मावळायच्या आत तिला नेऊन अग्नी दिला. कोणी थांबवलं नाही. गोजरबाईंनीही नाही.

पुढे वीस वर्षं त्या जगल्या. लोक म्हणायचे, दिलेला शब्द पाळला, पुण्य केलं.  त्यावर त्या फक्त एकदा माझ्या आईजवळ बोलल्या.

“मेलेलीची पाठ सरळ केली असंन, तं मी सुटली वं. पन उसासा टाकला तवा ती जिती असंन, तं आपुन कोनाले जाळलं?”

 मला हे सांगताना आई इथंच थांबली, आणि उठून चुलीपाशी गेली.