डाव्या कानामागचा डाग

जनावरांच्या दवाखान्यात बाकावर शेजारी बसलेल्या माणसाच्या टोपलीतून बारीक शिट्टी ऐकू आली आणि मंजुषा दचकली. हा आवाज तिनं झोपेतही ओळखला असता. गिनीपिग!

"बघू का जरा?"

त्यानं टोपलीवरचा रुमाल बाजूला केला. पांढरीशुभ्र, फुगलेली मादी. डाव्या कानामागं तपकिरी डाग.

"अहो, ही तर माझ्याकडची आहे!"

"आई शप्पथ, चोरलेली नाय हां," तो हसला. "दिवाळीत दुकानातून आणली. रेवडी नाव हाय तिचं."

त्याचं स्वतःचं नाव इंद्रजीत. मूळचा गंगापूरचा, नोकरी चितेगावच्या कंपनीत. रेवडीला एकटं वाटू नये म्हणून जानेवारीत त्यानं मित्राकडून दुसरी मादी आणली होती. "मैत्रीण म्हणून आणली... अन् निघाला नवरा!"

मंजुषाला हसू आवरेना. पण डॉक्टरांनी रेवडीच्या पोटाला हात लावला आणि ते गंभीर झाले. पहिल्यांदाच गाभण राहताना मादी सात-आठ महिन्यांच्या पुढं गेलेली असेल, तर कमरेची हाडं घट्ट झालेली असतात. पिल्लू अडकतं. बऱ्याचदा आईही जाते.

"वय काय हिचं?"

इंद्रजीतनं मंजुषाकडं पाहिलं.

सिडकोतल्या घराच्या गच्चीवरच्या खोलीत ती दोन वर्षांपासून गिनीपिग वाढवून दुकानांना विकत होती. प्रत्येक पिल्लाची नोंद वहीत असायची. आई, बाप, जन्मतारीख, वजन आणि ओळख पटावी म्हणून अंगावरच्या डागांचं चित्र. संध्याकाळी तिनं वही उघडली आणि त्याला फोन लावला.

"चौदा नंबर. पांढरी, डाव्या कानामागं डाग. जन्म बावीस ऑगस्टचा. म्हणजे जानेवारीत पाच महिन्यांचीही नव्हती. काही काळजी नको."

"वहीत हाय म्हणजे पक्कं ना?"

"एकदम पक्कं. फक्त रोज वजन करा आणि लिहून ठेवा."

"वही नाय माझ्याकडं. तुम्हालाच लिहितो."

आणि तो लिहू लागला. 'नऊशे ऐंशी.' 'एक हजार दहा.' मग एक दिवस... 'एक हजार चाळीस. मी बासष्ट किलो. कुणी विचारलं नाय, तरी सांगतो.' मंजुषा एकटीच हसायची आणि पुन्हा पुन्हा मोबाईल उघडून बघायची. एकदा तो गच्चीवरची पिल्लं बघायला आला. एक पिल्लू तिच्या ओंजळीतून त्याच्या ओंजळीत गेलं, पण बोटं मात्र तिथंच रेंगाळली...

पुढच्या रविवारी सकाळी मंजुषा पिंजरे साफ करत होती. एक जुनी मादी हातात होती आणि समोर तिचंच पान उघडं होतं. चित्रात डाग उजव्या कानामागं. मादीच्या अंगावर डावीकडं!

सुरुवातीला ती चित्रं समोरून काढायची. जनावराची डावी बाजू कागदावर उजवीकडं यायची. पाठीवरून चित्र काढायला ती गेल्या जुलैपासून लागली होती. तिनं भराभर मागची पानं चाळली. नऊ नंबर, तीही पांढरी, जन्म मे महिन्यातला, डाग चित्रात उजवीकडं. म्हणजे खरा डावीकडं. आणि नऊ न् चौदा, दोघी दिवाळीत एकाच दुकानात गेल्या होत्या.

तिनं फोन लावला. "दिवाळीत आणली तेव्हा रेवडी केवढी होती?"

"चांगली मोठी होती की. दोन्ही हातात मावत नव्हती. का?"

एवढा साधा प्रश्न... वहीच्या भरवशावर तिनं तो कधी विचारलाच नव्हता.

"माझी चूक झाली," ती कशीबशी म्हणाली. "ती जानेवारीत आठ महिन्यांची होती. इंद्रजीत, तिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात आणा."

पलीकडून फक्त, "निघतो."

डॉक्टरांनी हाडं चाचपली. कळा सुरू व्हायची वाट बघण्यात अर्थ नव्हता. ऑपरेशन करावं लागणार होतं, आणि एवढ्याशा जिवाला भूल झेपेल याची खात्री नव्हती. दार बंद झालं. दोघं बाकावर बसून राहिले. मंजुषा त्याच्याकडं वळली.

"काहीतरी बोला ना. रागवा तरी."

"आलाय राग," तो खाली बघत म्हणाला. "लई आलाय."

बराच वेळ गेला.

"पण तुम्ही सांगितलं नसतं, तर मला कधीच कळलं नसतं," तो हळूच म्हणाला. "मग मी नशिबाला बोल लावत बसलो असतो."

दार उघडलं. तीन पिल्लांतलं एक मेलेलं निघालं होतं. दोन जिवंत होती. आणि रेवडी भुलीतून डोळे किलकिले करत होती.

मंजुषा रडायलाच लागली. इंद्रजीतनं रुमाल पुढं केला. रुमालाला गवताचा वास येत होता.

"आता रोज वजन कळवायचं काम संपलं म्हणायचं," तो म्हणाला. "म्हणजे... तुम्हाला लिहायला काही कारण..."

"मला तू आवडतोस," ती एकदम म्हणाली.

तो तिच्याकडं बघतच राहिला. "हे तरी नीट तपासलंय ना?"

"रोज तपासतेय," मंजुषा डोळे पुसत म्हणाली. "दोन आठवडे झाले."

इंद्रजीतच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तो उठला, दारापर्यंत गेला, परत वळला.

"मंजू," तो म्हणाला, "च्या घेतीस का?"