गुरुदासचं यमक

होडी सुटली होती. मी किनाऱ्यावरून हाक मारली, तशी वल्हवणाऱ्याने मान न वळवताच ती मागे आणली. पाऊस अगदी बारीक होता, पिठासारखा. दप्तर पोटाशी धरून मी आत पाय टाकला, वाऱ्याने छत्री उलटी झाली, आणि वल्हवणारा वळला…

ते नेहमीचे होडीवाले बाबलीकाका नव्हते. त्यांचा मुलगा होता. गुरुदास.

पंधरा दिवस मी त्याला चुकवत होते, आणि आता मध्ये दोन हातांचंही अंतर नव्हतं.

"बस गो मास्तरणी," तो म्हणाला. "तास आजून सुरू होवक नाय. माशे वाट बघतत."

मी बसले. छत्री सरळ करायचंही सुचलं नाही.

आमचं गाव कोळंबच्या खाडीच्या अलीकडे आणि हायस्कूल पलीकडे, मालवणात. त्या साली, म्हणजे एकोणसाठ साली, मी अकरावीत होते. वर्गात माझा पहिला नंबर ठरलेला. पण गावात मला ओळखत ते फुगडीच्या गाण्यांसाठी. जिभेवर यमक आलं की मला ते गिळता यायचं नाही.

गौरीच्या दुपारी आम्ही मुली फुगड्या घालत होतो. गुरुदास जेवणावळीसाठी केळीची पानं घेऊन दारात आला. जूनमध्ये तो मॅट्रिकला इंग्रजीत नापास झाला होता, ते सगळ्या गावाला ठाऊक. मुलींनी एकमेकींना कोपरखळ्या दिल्या, माझ्याकडे पाहिलं – आणि मी उचललं.

"गुरुदास गो गुरुदास,
इंग्रजीत झालो नापास,
वल्ह्यान लिवता एबीशीडी,
माशांचो घेता तास!"

घर हसून पडलं. तोही हसला. पानांचा भारा खाली ठेवला, विस्कटलेली दोन पानं सरळ केली आणि गेला. ती दोन पानं सरळ करणारी बोटं मला नंतर फार दिवस दिसत राहिली.

होडीत आमच्याशिवाय काशीकाकी होती, सुक्या बांगड्यांची टोपली घेऊन. ती आमच्या शेजारची. तिच्या मनात काही नव्हतं, पण टोपलीवर बोटांनी ताल धरून ती आपल्याच नादात गुणगुणायला लागली… 'गुरुदास गो गुरुदास.' मी पाण्याकडे पाहिलं. वल्ह्याची लय जराही चुकली नाही.

पलीकडे काकी उतरून पुढे गेली. मी मागे रेंगाळले.

"तू मार्चात परत बसतलंस म्हणत होतंस ना?"

"म्हणत होतंय खरा."

"मगे?"

"मगे गाणा इला." तो होडीतलं पाणी उपसत होता. आवाजात राग नव्हता, हवामान सांगावं तसा तो सांगत होता. "नापास झालंय तेचा माका काय वाटाक नाय. एक भरती चुकली तर दुसरी येता. पण आता पुस्तक हातात घेतलंय की तुझा गाणाच वाचूक येता. पोरां खळ्यात म्हणतत, बायो होडयेत म्हणतत. पाण्याक ओहोटी येता गो, मथुरा. गाण्याक येणा नाय."

त्या दिवशी वर्गात मला काय शिकवलं ते आठवत नाही.

मी गाणं मागे घ्यायला निघाले. घरोघरी जाऊन मुलींना सांगितलं, "नको गो म्हणू." त्या जास्तच म्हणायला लागल्या. माझी मैत्रीण नर्मदा तर डोळे बारीक करून म्हणाली, "गाणा तुझा, आणि बंद पण तूच करतंस? गुरुदासाची इतकी काळजी कित्याक गो लागली?"

"काळजी नाय. चूक झाली माझी."

"चूक झाली की कान लाल होतत?"

माझे खरंच झाले होते. पण त्याचा अर्थ मला पुढे कळला. तेव्हा मला एकच भीती होती. नोव्हेंबरअखेर परीक्षेचा फॉर्म भरायची मुदत होती. माझ्या चार ओळींपायी तो फॉर्म कोरा राहिला, तर त्याच्या हातात जन्मभर वल्हंच राहणार होतं. वल्ह्यात काही कमीपणा नव्हता. ते मी त्याच्या हातात दिलं असतं, हे वाईट होतं.

तुळशीचं लग्न काशीकाकीच्या खळ्यात, म्हणजे अंगणात होतं. गुरुदास मांडवाला ऊस घेऊन आला होता. मंगलाष्टकं झाली, चिरमुले वाटले, मुलींनी फेर धरला, आणि कुणीतरी ते गाणं सुरू केलंच. मी फेरात होते. बाहेर पडून घरी जाता आलं असतं. पहिली ओळ संपली आणि दुसरी मी सगळ्यांच्या वर आवाज काढून म्हटली…

"गुरुदास गो गुरुदास,
फुकट दिलो तेका तरास,
पयलो नंबर मथुरेचो,
शाणपणात नापास!"

फेर थांबला. सगळ्यात आधी काशीकाकी हसली, अगदी पदर तोंडाला लावून. मग नर्मदा हसली, मग सगळ्याच. पुन्हा फेर धरला तो नव्या गाण्यावर. गावाला गाणं नवं हवं असतं, कुणावर आहे याची फार फिकीर नसते. त्या दिवसापासून खळ्यातली पोरं मला बघून 'शाणपणात नापास' ओरडू लागली. लागत होतं. पण ओरडणाऱ्याला ते कसं वाटतं आणि ऐकणाऱ्याला कसं, हे कळायला मला दुसरी शाळा नव्हती.

दुसऱ्या दिवशी होडीत त्याने आधी माझं दप्तर कोरड्या फळीवर ठेवलं. मग म्हणाला, "कालच्या गाण्यापेक्षा पयला बरा होता."

"काय?"

"माशांचो तास! ता माका आवडलेला. खरा सांगतंय. काल नुसतीच नीत सांगलंस."

मला हसू आलं आणि डोळ्यांतही काहीतरी आलं. "गुरुदास, तू रागावलंस नाय?"

"रागावलेलंय तर! पंधरा दिस. मगे तू होडयेत इलंस, छत्री उलटी, केस भिजलेले, तोंड ह्या एवढा…" त्याने बोटांनी लिंबाएवढं माप दाखवलं. "राग घेवन होडी वल्हवणा जड जाता गो. हलकी बरी." मग वल्हं उचलून धरलं. थेंब टपटपत राहिले. "फॉर्म मी भरतंय. पण शिकवतलंस तू."

खाडी ओलांडायला दहा मिनिटं लागायची. दहा मिनिटं जाताना, दहा येताना. डिसेंबरभर मी पुढच्या फळीवर बसून क्रियापदं म्हणायची आणि तो वल्ह्याच्या तालावर ती घ्यायचा. दुसऱ्याला शिकवताना माझी जीभ पहिल्यांदाच सावकाश चालायला शिकली. तो चुकला की माझ्या ओठांवर यमक यायचं… मी ते गिळायची. त्याला कळायचं. "सांग गो, पोटात ठेवू नको, दुखात," म्हणायचा.

एकदा मी म्हटलं, "गो, वेंट, गॉन."

"गो म्हणजे?"

"जा."

त्याने वल्हं थांबवलं. "जा? ह्या इंग्रजांचा काय तरी उफराटाच. आमी 'गो' म्हणतो ता बायल मानसाक जवळ बोलवूक."

"परीक्षेत ता चलाचा नाय."

"परीक्षेत मी 'जा' लिवतंय," तो म्हणाला. "होडयेत नाय."

मी पुढची क्रियापदं विसरले. त्या दिवशी होडी पलीकडे लागायला पंधरा मिनिटं लागली. ओहोटी होती, असं त्याने काकीला सांगितलं. भरती होती.

जूनमध्ये निकालाचं वर्तमानपत्र एस.टी.ने आलं. त्याचा नंबर त्यात होता. पुढे गुणपत्रिका आली, इंग्रजीत एक्केचाळीस. बाबलीकाकांनी त्या दिवशी गावातल्या कुणालाही पायी जाऊ दिलं नाही, ज्यांना पलीकडे जायचं नव्हतं त्यांनासुद्धा होडीत घातलं. मी शाळेत दुसरी आले. वाईट वाटलं, दुपारपर्यंत.

त्याला बंदरखात्यात कारकुनाची जागा मिळाली. मला रत्नागिरीच्या ट्रेनिंग कॉलेजात. निघायच्या दिवशी सुट्टी काढून मला पलीकडे सोडायला तोच आला. माझी पत्र्याची ट्रंक मधोमध ठेवली होती. पाऊस बारीक होता. पलीकडे त्याने ट्रंक उतरवली, माझ्या हातात छत्री दिली. मी चार पावलं गेले असेन.

"मथुरा… गो…"

मी वळले नाही. वळले असते तर चेहऱ्यावरून सगळं कळलं असतं. तशीच उभी राहून विचारलं, "इंग्रजीत म्हणतंस, काय मालवणीत?"

मागे वल्ह्याचं पाणी टपकत होतं. एक थेंब, दुसरा, तिसरा.

"मालवणीत," तो म्हणाला.

तेव्हा वळले.

"दोन वर्षां आसत," मी म्हटलं.

"एक भरती चुकली तर दुसरी येता."

दोन वर्षांनी, बासष्टच्या वैशाखात, आमचं लग्न झालं. नाव घ्यायची वेळ आली तेव्हा सगळा मांडव गप्प झाला. फुगडीवाली मथुरा उखाण्यात काय जोडते, यासाठी बायका सकाळपासून टपून होत्या.

मी म्हटलं, "गुरुदास."

काशीकाकी वाट बघत राहिली. "गुरुदास… मगे? यमक खंय गो?"

"ता एकदा केलंय, काकी," मी म्हटलं. "तेवढा पुरे."